पाऊण टाकी

त्या दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढून, दोन जुन्या टायरांवर बूड टेकवून बसले होते. कुणीही येऊ नये एवढीच माझी इच्छा होती. अर्थातच, कुणीतरी आलं.

आलं म्हणजे, ढकलत आलं. एक सात सीटर गाडी, मागे हाताच्या शिरा ताणून ढकलणारा एक उंच माणूस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेच्या कपड्यांतल्या दोन जुळ्या मुली— नुसतेच हात लावून, ढकलल्याचा आव आणत. स्टीअरिंगला त्यांची आई. तिच्या शेजारी गुडघे धरून बसलेली एक म्हातारी. आणि मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी, एक धिप्पाड बाई खाली उतरायचं नावही न घेता बसलेली.

"पेट्रोल संपलंय," मी बसल्या जागेवरून सांगितलं.

"नाही हो..." तो धापा टाकत म्हणाला. "पाऊण टाकी आहे. काटा बघा ना."

मी उठले, कारण उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खाली वाकून टाकीवर बोटांनी ठोकलं. आवाज रिकाम्या डब्याचा. वर येऊन काटा पाहिला— पाऊण टाकी, अगदी ठामपणे.

"काटा खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"तुम्ही दुरुस्त कराल?"

"नवी कामं घेत नाही. महिनाअखेर दुकान बंद होतंय."

त्याने दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी अर्धी राहिल्यासारखी. "बरं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या कुणी हुज्जत घातली असती. हा नुसता "बरं" म्हणाला आणि पुन्हा गाडी ढकलायला मागे गेला... आणि मला स्वतःचाच राग आला.

"थांबा," मी म्हटलं. "कॅनमध्ये दोन लिटर आहे. उद्या गाडी घेऊन या."

उद्या म्हणजे माझ्या उरलेल्या अकरा दिवसांतला पहिला.

दुकान वडिलांचं. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि ते गेल्यावर दोन वर्षं एकटीने ओढलं. ओढलं हाच शब्द बरोबर आहे. सकाळी आठला शटर वर, दिवसभर कुणाच्या तरी गाडीखाली नाहीतर डॅशबोर्डमध्ये डोकं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दिव्याचं बटण दाबायलाही हात उचलवत नसे. शेवटी दूर राहणाऱ्या माझ्या ताईने हुकूमच काढला. तिच्या ओळखीच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जागा होती. टेबल, पंखा, पाठ टेकायला खुर्ची. आलेल्या तक्रारी फक्त लिहून घ्यायच्या. एक तारखेला हजर व्हायचं. मी हो म्हणाले होते. खरं सांगते, सुटले असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. आणि काटा शहाण्यासारखा पाव टाकीवर होता— जितकं पेट्रोल होतं तितकंच दाखवत.

"आज नीट आहे..." तो खजील होऊन म्हणाला. जणू त्यानेच फितवलं होतं.

मी मधली सीट उचलली. सीटखाली एक लाकडी फळी होती, ती काढून बाजूला ठेवली. तिच्याखाली टाकीचं गोल झाकण. ते उघडून आतला फ्लोट बाहेर काढला, साफ केला, हाताने वरखाली करून वायरिंग तपासायचा मीटर लावून पाहिला. तो दुकानाच्या स्टुलावर बसून सगळं बघत होता. त्याच्या खिशाला एक इवलासा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"चष्मे. बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे." मग थोडं थांबून, "आतमध्ये हे नेमकं काय असतं?"

"हा गोळा पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल उतरलं की हा उतरतो. इथून वायरीने निरोप जातो आणि समोर काटा हलतो."

"मग खोटं कोण बोलतंय? गोळा, वायर की काटा?"

"आज तरी कुणीच नाही."

तो हसला. हसताना त्याचा सगळा थकवा एका बाजूला सरकला आणि आत कुणीतरी बऱ्यापैकी तरुण माणूस आहे असं दिसलं... मी पटकन मान खाली घालून झाकण बसवलं, फळी ठेवली, सीट दाबून बसवली.

तीन दिवसांनी तो परत दारात. "रुग्णालयासमोर बंद पडली. आईला गुडघ्यांच्या व्यायामाला नेत होतो. काटा पाऊण टाकीवर!"

माझ्या कपाळावर आठी. मी हात लावलेली गाडी परत आलेली मला खपत नाही. पुन्हा सीट उचलली, पुन्हा फळी काढली. टाकीकडून येणारी वायर सोडवून तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं— काटा सरसर चढून पूर्ण टाकीवर. सोडलं— शून्यावर. म्हणजे काटाही निर्दोष. मीटर लावून आकडे पाहिले. सगळं ठीक. मी अक्षरशः हात टेकले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नाही ना?"

"ते प्रश्नावर आहे."

"तुम्ही मीटर हातभर लांब का धरता?"

"असाच धरतात."

"नाही..." त्याने फ्यूजचं पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं. "ही शेवटची ओळ वाचा."

मी वाचली. म्हणजे, अंदाजाने वाचली. त्याने मान हलवली आणि खिशातून एक छोटी पट्टी काढली. "इकडे या. उजेडात. दोन डोळ्यांमधलं अंतर घेतो."

"मला चष्मा नकोय."

"घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा. समोर बघा. इकडेतिकडे नाही... माझ्या नाकाकडे."

मी त्याच्या नाकाकडे पाहिलं. पट्टी माझ्या भुवयांखाली टेकली, गार. त्याचा श्वास जपून चालला होता, मोजताना कारागिराचा चालतो तसा. माझ्या हाताला ग्रीस, केसांत धूळ, आणि गेल्या दोन वर्षांत माझ्या चेहऱ्याकडे इतक्या जवळून, इतक्या मन लावून कुणी पाहिलं नव्हतं. मला एकदम रडावंसं वाटलं. काय मूर्खपणा!

"एकसष्ट," तो म्हणाला. पण पट्टी लगेच काढली नाही.

"लिहून घ्या," मी म्हटलं, "नाहीतर विसराल."

"हे नाही विसरणार."

संध्याकाळी ताईचा फोन. सामान आवरलं का? मी म्हटलं, आवरतेय. समोर एक खोकं उघडं पडलं होतं आणि त्यात मी चार दिवसांत फक्त वायरी डाखायची एक जुनी सोल्डरिंग गन टाकली होती.

तो तिसऱ्यांदा आला तेव्हा माझे पाच दिवस उरले होते. आज गाडीत बसूनच राहिला. मी जवळ गेले तर कपाळ स्टीअरिंगला टेकवलेलं.

"परत?"

"परत. भर चौकात. सगळे ओरडले माझ्यावर." त्याने डोकं वर केलं. "मला तर वाटायला लागलंय, माझंच काहीतरी चुकतंय. सकाळी पाहतो तेव्हा काटा बरोबर असतो, पाव टाकीवर. मग सगळे बसतात, मी निघतो, आणि वाटेत पाहतो तर पाऊण! मग मनात येतं, सकाळी झोपेत नीट पाहिलं नसेल. पाचला उठतो मी. पोरींचे डबे, आईचं औषध, आत्याची आंघोळीची बादली, शाळा, रुग्णालय, दुकान. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपतो आणि स्वतःच्याच डोळ्यांवर—"

"काय म्हणालात?"

"डोळ्यांवर विश्वास—"

"त्याच्या आधी. सगळे बसतात आणि मग?"

  इतक्या वर्षांचा अनुभव, आणि मी ती गाडी दर वेळी रिकामीच तपासली होती!

"रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन या," मी म्हटलं. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. जो जिथे बसतो तिथेच बसवून."

"आत्यालासुद्धा?"

"आत्यांना तर आधी."

निघता निघता त्याने एक डबी माझ्या हातात ठेवली. आत चष्मा होता. काळी, साधी, हलकी फ्रेम. "नको असेल तर खोक्यात टाका," तो म्हणाला. खोकं त्याने कधी पाहिलं, कुणास ठाऊक.

रविवारी पावसाची रिपरिप होती. गाडी आली, आणि आतून पाच जणांचे दहा डोळे माझ्याकडे लागले. त्याची आई पुढे, मध्ये मुलींची आई, म्हणजे त्याची बहीण, आणि डाव्या खिडकीशी त्या धिप्पाड आत्या, मुली मागे. मी मुलींच्या मध्ये अंग चोरून बसले. मीटरच्या दोन वायरी मधल्या सीटखाली सोडल्या होत्या.

"तुम्ही खरंच मेकॅनिक आहात?" डावीकडची.

"वायरिंगवाली."

"मामा म्हणतो तुम्ही फार हुशार आहात," उजवीकडची.

"मामा जेवतानाही म्हणतो," डावीकडची.

पुढच्या आरशात मामाचे कान लाल झालेले मला चष्म्यावरून अगदी स्वच्छ दिसले.

"आता एकेक जण खाली उतरा आणि पुन्हा बसा," मी म्हटलं. "घाई नको."

आई उतरली, बसली. काही नाही. बहीण उतरली, बसली. काही नाही. मग आत्या. त्या उतरायला तयारच नव्हत्या. "मी एकदा बसले की बसले," असं त्यांचं म्हणणं. शेवटी मुलींनी लाडीगोडी लावून उतरवल्या. त्या उतरल्या आणि मीटरचा आकडा उडी मारून बदलला.

"काटा?" मी ओरडले.

"पाववर आला!" तो पुढून ओरडला.

"आत्या, बसा."

आत्या बसल्या. सीट कुरकुरली.

"चढतोय! अर्धा... पाऊण...!"

"पुन्हा उतरा."

"म्हणजे काय?" आत्या फणकारल्या. "माझ्या वजनाने पेट्रोल वाढतं म्हणायचं तुम्हाला? रविवारी सकाळी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करायला बोलावलंत?"

"नाही हो आत्या, तुमच्यामुळेच तर सापडलं!"

सगळ्यांना दुकानात बसवलं, सीट उचलली, आणि या खेपेला त्या फळीकडे नीट पाहिलं. फळीच्या चार कोपऱ्यांत चार लाकडी ठोकळे, स्क्रूने पक्के केलेले. त्यातल्या एका स्क्रूचं टोक खालून, तांदळाएवढं, बाहेर आलं होतं. आणि बरोबर त्याखालून जाणाऱ्या वायरीच्या सालीवर केसाएवढी चीर. आत्या बसल्या की फळी दबायची, टोक वायरीत शिरायचं आणि खालच्या पत्र्याला टेकायचं. ते टेकणं अर्धवटच असे, म्हणून काटा बिचारा पूर्ण टाकीपर्यंत न जाता पाऊणवर अडकून राही. ही फळी मी दोनदा काढून दोनदा परत ठेवली होती. दमलेल्या हातांनी, न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

"ही फळी कुणी बसवली?"

तो पुढे झाला. "मी... आत्या सीटमध्ये खचायची. पाठ धरायची तिची. म्हणून एका रात्रीत..."

"चष्म्याला इवलेसे स्क्रू लावणारा माणूस, आणि आत्यांच्या सीटला दोन इंची?"

"आत्याचं आहे ना," तो म्हणाला, "म्हटलं, पक्कं हवं."

मुली खिदळल्या, बहिणीने कपाळाला हात लावला, आत्या मात्र पदराने चेहरा पुसू लागल्या. आणि मी, वायरीची चीर बोटाखाली धरून उकिडवी बसलेली, मला त्या माणसाबद्दल एकदम माया दाटून आली. पाचला उठणारा माणूस. त्यातून वेळ काढून कुणाच्या तरी पाठीसाठी फळी ठोकणारा. मला तो आवडला होता. पट्टी लावली त्या दिवसापासूनच बहुतेक, पण आता ते नाकारायची ताकदही माझ्यात उरली नव्हती.

वायरीला टेप लावला, ती बाजूने वळवून घेतली, आखूड स्क्रू मारले. दहा मिनिटांचं काम.

सगळे गाडीत बसले. तो मागे राहिला. पाऊस थांबला होता, शटरवरून थेंब गळत होते.

"आता गाडी परत येणार नाही," मी म्हटलं.

"नाही." तो. "आणि बुधवारी तुम्ही..."

"हो. बुधवारी दुकान बंद."

गाडीतून हॉर्न. आत्या पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून वाजवत होत्या.

"मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही," तो घाईघाईने म्हणाला. "दिवसभर मला सगळे हे कर, ते कर सांगतात, मला माहितीये कसं वाटतं ते. आणि मी तुमच्या मागे येऊही शकत नाही, पाच माणसं आहेत माझ्यावर—"

हॉर्न.

"—म्हणून फक्त सांगून जातो. तुम्ही मला आवडता. खूप. या आठ-दहा दिवसांत गाडी बंद पडली की मला बरं वाटायचं. भर चौकात, लोक शिव्या देत असताना... बरं वाटायचं."

लांबलचक हॉर्न. तो वळला, धावत गेला, आणि गाडी निघून गेली. मी तिथेच उभी. हातात टेपचं रीळ.

सोमवारी मी खोकं भरायला बसले. वडिलांची पकड, मीटर, वायरींची भेंडोळी. प्रत्येक वस्तू उचलली की वाटे, ही मी कुणाला तरी दाखवायला हवी होती. कालची ती चीर मला दिसली तेव्हाचा माझा आनंद! मी कामाने दमले नव्हते. आज काय सापडलं, काय चुकलं, हे ऐकायला कुणी नव्हतं, त्याने दमले होते. पाठ टेकायच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिल्या तरी हा शीण जाणार नव्हता.

ताईला फोन केला. "मी येत नाहीये."

ती आधी चिडली, तिचा शब्द गेला होता, आणि चिडायचा तिचा हक्कच होता. मी सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली. मग "कोण आहे?" तिने विचारलं. मोठ्या बहिणींपासून काही लपत नाही.

मंगळवारी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. अरुंद दुकान, दोन्ही भिंतींवर फ्रेमा, टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. खुर्चीत एक आजोबा, नाकावर तपासणीची जाडजूड फ्रेम. तो त्यांच्या डोळ्यापुढे भिंग सरकवत होता. मला पाहून भिंग हातातच राहिलं.

"मी जात नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे..."

"दुकान चालू ठेवतेय. आठवड्यातून पाचच दिवस, दुपारी दोन तास बंद. तुमच्यासाठी थांबत नाहीये, हे आधीच सांगते. काम माझं आहे आणि ते मला आवडतं."

"बरोबर आहे."

"ताईने विचारलं, माणूस कसा आहे. मी सांगितलं, दमलेला आहे."

"एवढंच सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं." आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "मीही दमलेली आहे. मला फिरणं, नटणं, सारखं गोड बोलणं जमणार नाही. संध्याकाळी सातला माझे डोळे मिटतात."

"माझे साडेसहाला."

"मला वाटतं, आपलं जमेल."

"घरी आई आहे," तो भिंग मुठीत घट्ट धरून म्हणाला, "आत्या आहे, बहीण आहे, दोन पोरी—"

"माहितीये. त्यांच्यामध्ये बसून आलेय मी. जागा होते थोडी सरकल्यावर." मी श्वास घेतला. "तुम्हीही मला आवडता. रोज दुपारच्या त्या दोन तासांत येऊन बसाल? गाडी बिघडलेली नसली तरी? नुसतं... दिवस कसा चाललाय ते सांगायला. आणि माझा ऐकायला."

 तो नुसता बघत राहिला. 

"अहो, हो म्हणा की लवकर!" खुर्चीतले आजोबा ओरडले. "एक भिंग काढून घेतलंत, मला इथे एका बाईच्या दोन बाया दिसतायत. त्यातल्या एकीला तरी उत्तर द्या!"

"हो," तो म्हणाला. मग आजोबांच्या डोळ्यापुढे भिंग बसवायचं विसरून, माझ्याकडे बघत, पुन्हा एकदा म्हणाला, "हो."